दाराशी ठेवलेला तुकडा

दिवाळीच्या आवराआवरीत सुनेनं दार अडवायला ठेवलेला लोखंडाचा तुकडा भंगारवाल्याला देऊन टाकला. "बाबा, गंजला होता हो, फरशीला डाग पडत होते." खरंच पडत होते. तरी दुसऱ्या दिवशी मी बदलापूरहून उल्हासनगरला जाऊन भंगाराची चार दुकानं धुंडाळली. तुकडा मिळाला नाही. कोपऱ्यावर कुणीतरी राईच्या तेलात भजी तळत होतं. त्या वासानं पाय थबकले.

आमच्या पोलाद कारखान्यात कास्टरवर असाच वास असायचा. टंडिश नावाच्या कुंडातून पोलादाची धार तांब्याच्या मोल्डमध्ये पडते. बाहेरून पाणी खेळतं, कडेची साल थिजते, आत रस तसाच, आणि खालून बिलेट, म्हणजे पोलादाची कांब, ओढली जाते. साल तांब्याला धरू नये म्हणून वरच्या कडेनं रेपसीडचं तेल झिरपतं. ते राईच्याच गोतातलं. शिवाय मोल्ड सारखा वरखाली हलतो. आमचा हलायचा मिनिटाला १६० वेळा, १० मिलिमीटर. बिलेटचा वेग मिनिटाला २.४ मीटर. प्रत्येक हेलकाव्याला सालीवर एक आडवा वळ उठतो. आमच्याकडे १५ मिलिमीटरला एक. रुंद स्लॅब ओतताना तेलाऐवजी पावडर असते, पण वळ तिथंही उठतात, आणि खोल गेले तर चिरा तिथूनच सुरू होतात.

मोल्ड हलवण्याचं पेटंट सिगफ्रीड युंगहान्स या जर्मन माणसाचं, १९३३ चं. त्याचा मोल्ड धातूच्याच वेगानं खाली यायचा आणि तिप्पट वेगानं वर जायचा. पुढे लोकांना उमगलं की खाली येताना मोल्डनं बिलेटलाही क्षणभर मागे टाकावं. फाटू लागलेली साल त्या दाबानं पुन्हा सांधते. मला हे पुस्तकातून ठाऊक. मोल्ड सांभाळणाऱ्या मामांना तळहातातून.

मामा अंबरनाथला लोकलमध्ये चढायचे. मी बदलापूरपासून त्यांची जागा धरून ठेवायचो. शिफ्ट लागली की ते मोल्ड टेबलाच्या कडेला हात टेकवून उभे राहत, वैद्य नाडी बघतो तसे.

एका रात्री म्हणाले, "साहेब, टेबल आज सुस्त लागतंय." मी चोवीस वर्षांचा, प्रोबेशनवर. मोटर तर फिरत होती. म्हटलं, "चालू द्या."

वीस मिनिटांत ब्रेकआऊट. मोल्डखाली साल फुटली, पोलाद रोलरांवर सांडून थिजलं. कुणाला भाजलं नाही, एवढंच नशीब. चौकशीत ठरलं की तेल कमी पडलं. तेल मामांच्या हातात, म्हणून मामा स्क्रॅप यार्डात. त्यानंतर ते दुसऱ्या डब्यात चढू लागले. मी जागा धरतच राहिलो, बरेच दिवस.

त्या बिलेटचा बारा किलोचा तुकडा मी गेटपासवर 'नमुना' लिहून घरी आणला होता. कापल्या कापल्याच पट्टी लावून वळ मोजले होते. ३२ मिलिमीटरला एक. म्हणजे मिनिटाला जेमतेम ७५ हेलकावे. मोटरचा पट्टा घसरत होता आणि मोल्ड बिलेटला गाठूच शकत नव्हता.

अहवालात मी १५ लिहिलं.