पालोमारच्या शिखरावर

चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां कॅलिफोर्नियांतील पालोमार पर्वतावर गेलों. सूचिपर्णी वृक्षांच्या राईंत शुभ्र घुमट, आणि आंत १९४८ सालीं लोकार्पण झालेली दोनशें इंची दुर्बीण!

क्वासार म्हणजे दीर्घिकेच्या गाभ्यांतील कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्याचें तेज. तें इतकें प्रखर कीं, भोंवतालची दीर्घिका दिसूं नये. समईनें डोळे दिपून सभामंडपाचे खांब दिसेनासे व्हावे, तसें. ‘३सी ४८’ या क्वासारच्या छायाचित्रांत भोंवतीं पुसट धूसरता मात्र दिसे. १९८२ सालीं बोरोसन व ओक यांनीं याच दुर्बिणीनें मधला तेजोबिंदु टाळून त्या धूसरतेचा वर्णपट घेतला. त्यांत ताऱ्यांच्या प्रकाशांतील कृष्णरेषा आढळल्या. अर्थात् तेथें ताऱ्यांची वस्ती होती!

हें ऐकून मी खजील झालों. पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं. स्मरणांत राहिले ते पहिल्या बांकावरचे चार-दोन हुशार विद्यार्थी. घरीं परततांच वर्गाचें जुनें छायाचित्र काढून मागील ओळींतील नांवें आठवूं लागलों. वाचकहो, आजवर सातच आठवलीं आहेत.