पहिल्या पुस्तकाचं देणं

माझा पहिला कवितासंग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानातून निघाला. नवख्या कवीवर पैसे घालायला एकही प्रकाशक तयार नव्हता. मंडळाने अनुदान मंजूर केलं आणि पुस्तक आलं. आतल्या पानावर बारीक टायपात छापलं होतं, लेखकाच्या मतांशी मंडळ व शासन सहमत असेलच असं नाही. संग्रहातल्या निम्म्या कविता दुष्काळी कामावरच्या हजेरीपटातल्या खोट्या नावांवर, म्हणजे सरकारवरच होत्या. आपल्यावर टीका करणाऱ्या पोराचं पुस्तक सरकारी पैशाने छापलं जातं, याचं मला तेव्हा अप्रूप वाटलं. आजही वाटतं.

ऋण त्याच्याही आधीचं आहे. आमच्या गावचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं. दोन पत्र्याची कपाटं, एक डुगडुगतं टेबल, संध्याकाळी तेवढं उघडायचं. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे त्याला तुटपुंजं का होईना, अनुदान मिळे. बाबूराव बागूल, शंकर पाटील मला त्या कपाटांत भेटले. पुढे तालुक्याच्या कॉलेजात ईबीसी म्हणजे आर्थिक मागास सवलतीमुळे फी माफ, एसटीचा सवलतीचा पास. आई रोजगार हमीवर खडी फोडायची. पगार वाटप झालं की त्यातून माझ्या वह्या यायच्या.

आता लेखक मित्रांच्या बैठकीत ऐकतो, की सरकारने लोकांना फुकट खायची सवय लावली, ही अनुदानं बंद करा, लेखकाने स्वतःच्या हिमतीवर उभं राहावं. बोलणाऱ्यांतल्या कित्येकांच्या पहिल्या पुस्तकात तीच बारीक टायपातली ओळ आहे. काही जण समाजकल्याणच्या वसतिगृहात जेवून शिकले. मला हे ऐकून राग येतो. त्यांचे कष्ट खरेच आहेत, पण पोट भरलेलं असल्याशिवाय ते कष्ट पुस्तकांवर करता आले नसते.

अनुदानावर वाढून त्यालाच नावं ठेवणं वेगळं आणि सरकारी पुरस्कार नाकारणं वेगळं. 2022 च्या डिसेंबरात कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाचा पुरस्कार शासनाने रद्द केला. तेव्हा शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर या लेखकांनी निषेध म्हणून आपले राज्य पुरस्कार नाकारले. त्यात मला कृतघ्नपणा दिसत नाही. अनुदानाचा पैसा सत्तेवर बसलेल्यांच्या खिशातला नसतोच. काडेपेटीवरही कर भरणाऱ्या माझ्या आईसारख्यांचा तो असतो, आणि देणं लागतो ते त्यांचं.

म्हणून माझ्यासारख्यांना एक विनंती आहे. सरकारवर हवं तितकं कठोर लिहा. पण गावच्या वाचनालयाचं अनुदान थकलं, वसतिगृहाची मेस बंद पडली, की त्यावरही तितक्याच कठोरपणे लिहा.