कुंकू आहे, कागद नाही

पुण्याहून नाशिकला एस.टी.ने निघालात की वाटेत संगमनेर लागते. आपल्यापैकी पुष्कळजणींना ते चहापुरतेच ठाऊक असते. गाडी थांबते, मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घ्यायचा, बाटलीत पाणी भरायचे, की पुन्हा आपल्या जागेवर. गाव प्रवरेच्या काठचे. म्हाळुंगी नदी इथे प्रवरेला येऊन मिळते. पण कधी मुक्कामाचा योग आलाच, तर बाजारपेठ मागे टाका आणि विडी कामगारांच्या जुन्या वस्तीत थोडे फिरून या.

उंबऱ्याशी, ओट्यावर बायका बसलेल्या असतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पान मापात कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. मराठीत मध्येच तेलुगू मिसळते, गप्पा चालू असतात, पण बोटे थांबत नाहीत. पंचवीस विड्यांची एक जुडी. अशा चाळीस जुड्या वळल्या की हजार विड्या होतात. मजुरी हजारावर मिळते, आणि तपासणीत वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे हातात पडत नाहीत.

अशा वस्तीत एखादीला सहज विचाराल, "मालक काय करतात?" तर उत्तर येते, "तिकडं असतात." हे 'तिकडं' म्हणजे कुठे, हे शेजारणींना ठाऊक असते. कोणाचा नवरा मुंबईला कामाला गेला आणि त्याने तिथेच दुसरा संसार थाटला. कोणाला मुलगी झाली म्हणून माहेरी पाठवले आणि न्यायला कोणी आलेच नाही. कोणाला मार सहन होईना, म्हणून ती मुलांना घेऊन स्वतःच बाहेर पडली. लोक या सगळ्यांना एकच शब्द लावतात: टाकलेली. जणू ती जुनी केरसुणीच! टाकणाऱ्याला मात्र कुठलाच शब्द नाही.

तुम्ही म्हणाल, असे तर सगळीकडेच असते. खरे आहे. २०११ च्या जनगणनेत नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, पण घटस्फोट न झालेल्या स्त्रियांची संख्या देशात २३ लाखांवर भरली. घटस्फोटितांच्या दुपटीहून ती अधिक आहे. पण संगमनेरचे नाव यात निराळ्या कारणाने घ्यावे लागते. मार्च १९८८ मध्ये इथे परित्यक्ता परिषद भरली. समता आंदोलनाने ती भरवली होती आणि ॲड. निशा शिवूरकर या कामात पुढे होत्या. तोपर्यंत जे दुःख आपल्या नशिबाचे म्हणून घरात गिळले जात होते, ते मांडवात उभे राहून बोलले गेले. पोटगी तर मागितलीच, पण त्याबरोबर स्वतंत्र रेशनकार्डही मागितले गेले.

रेशनकार्डात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. आपले नाव नवऱ्याच्या कार्डावर असते, साखर-तांदूळ घरात येतात, प्रश्न पडत नाही. तिचे नाव मात्र सासरच्या कार्डावर अडकलेले असते. तिथून ते कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय नवे कार्ड होत नाही. आणि ज्या घराने तिला हाकलले, ते घर दाखला कशाला देईल? खोली भाड्याने घ्यायला गेली की मालक विचारतो, करार कोणाच्या नावे करायचा? मुलाला शाळेत घालताना वडिलांचे कागद मागतात. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेजवळ कोर्टाचा हुकूम असतो. हिच्या गळ्यात मंगळसूत्र असते, कपाळी कुंकू असते, आणि हातात एकही कागद नसतो.

म्हणूनच विडीच्या कामाची किंमत नुसत्या मजुरीवर करता येत नाही. ते काम हलके नाही. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, मान आणि पाठ धरते. पण ते घरी बसून करता येते, मुले डोळ्यांसमोर राहतात. शिवाय १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले. त्यामुळे जिचे नाव कारखान्याच्या नोंदीत आहे, तिला ओळखपत्र मिळते, प्रॉव्हिडंट फंडाचे खाते मिळते. सासर-माहेर दोन्ही सुटलेल्या बाईजवळ तिच्या नावाचा कदाचित तेवढाच एक कागद असतो. ट्रंकेच्या तळाशी साडीच्या घडीत तो जपून ठेवलेला असतो.

आता थोडे कायद्याचे, कारण आपल्यालाच कोणाला तरी हे सांगावे लागणार आहे. पोटगीची जी तरतूद १२५ कलम म्हणून सर्वांना ठाऊक होती, ती १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ कलम झाली आहे. पूर्वी तिथे महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली गेली. अर्ज करायला नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही, ती स्वतः राहते तिथल्या कोर्टातही तो करता येतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. म्हणून "तो येईल, वाट पाहू" करत वर्षे घालवू नयेत. वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जावे. कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो.

सरकारदरबारी हा शब्द उशिरा का होईना, रुळला आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तेव्हा विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्या ओळीत 'परित्यक्ता' हाही शब्द होता. आपल्या घरांत मात्र तो अजून रुळायचा आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू काढताना आपण यादी करतो. तिच्या नावापाशी हात जरा थांबतो, "तिला बोलवावं की नाही?" बोलवा. नुसती बोलवू नका, ओटीही भरा. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई "तिकडं असतात" म्हणाली, तर कीव करून जुनी साडी देण्याआधी विचारा, रेशनकार्ड कोणाच्या नावावर आहे? बँकेत खाते आहे का? आणि एक दिवस सुट्टी देऊन, जमल्यास तिच्याबरोबर तहसील कचेरीत जा. साहेबांपुढे दोन बायका उभ्या राहिल्या की काम लवकर होते.

आणि हो, हे वाचून झाल्यावर स्वतःचेही कपाट एकदा उघडून बघा. घर कोणाच्या नावावर आहे? बँकेचे पुस्तक, विम्याची पॉलिसी, विजेचे बिल कोणाच्या नावावर आहे? लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढला आहे का, आणि तो कुठे ठेवला आहे? यात नवऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. डाळ-तांदूळ वर्षाचे भरून ठेवतो, तेव्हा आपण दुष्काळाची इच्छा थोडीच करत असतो!