कावळे किती?

कावळा-चिमणीच्या गोष्टीचं चित्रपुस्तक पाच वर्षांच्या मुलाला दाखवा आणि शेवटचं पान मिटल्यावर विचारा, “गोष्टीत कावळे किती होते?” गंगाखेड तालुक्यातल्या अंगणवाड्यांमध्ये हा प्रश्न मी नेहमी विचारते. “एक” हे उत्तर सगळ्यांकडून येत नाही. कुणी चार म्हणतं, कुणी बोटं मोजून सहा. पोराने पानं मोजलेली असतात. प्रत्येक पानावर एक कावळा, म्हणजे सहा पानांवर सहा. हिशेबात चूक काढायला जागा नाही.

मोठी माणसं हसतात. पण पहिल्या पानावर ऐटीत बसलेला, मधल्या पानावर पावसात भिजून निम्मा झालेला आणि शेवटी दाराच्या फटीतून नुसती चोच दिसणारा कावळा एकच आहे, हे चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. दोन पानांमधली ती जागा मुलाला स्वतः भरावी लागते. मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये ही मेहनत पडत नाही. छोटा भीम डोळ्यांदेखत धावत इकडून तिकडे जातो, तो एकच आहे हे आयतंच कळतं. कार्टूनवर माझा राग नाही, पण पुस्तकाचं काम त्याने होत नाही एवढं खरं.

माझं काम सेविकांना आणि पहिलीच्या शिक्षकांना गोष्ट सांगायला शिकवण्याचं. बहुतेक ठिकाणी पुस्तक उघडलं की “हा कोण?” सुरू होतं. सगळा वर्ग एका सुरात “कावळाऽऽ” म्हणतो, बाई पान उलटतात. त्यातून कुणाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही. मी त्यांना एकच शब्द जोडायला सांगते: कशावरून?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला परिसरातल्या वस्तूंनाच शिकण्याचं साधन केलं. आमच्या परिसरात जनाबाई आहे. गोदाकाठचं गंगाखेड हे तिचं जन्मगाव. तिचं मंदिर, तिचं जातं, तिच्या गोवऱ्या पोरांना आजीकडून कधीच मिळालेल्या असतात. एका अंगणवाडीत मी जनाबाईबरोबर जात्यावर बसलेल्या विठ्ठलाचं चित्र दाखवलं. मुकुट मुद्दाम काढला नव्हता.

“ह्यो इट्टल न्हाई,” एक मुलगी ठामपणे म्हणाली.

“कशावरून गं?”

“कमरंवर हात न्हाईत.”

शेजारचा पोरगा उसळलाच. “दळू लागायलाय नव्हं त्यो जनाबाईला! हात कमरंवर ठिवून कसं दळंल?”

मुलीने खूण पाहिली, मुलाने गोष्ट पाहिली. दोघांकडेही पुरावा होता, आणि दोघं आपापला पुरावा बोलून दाखवत होती. सेविकाताईंना मी म्हटलं, आता मध्ये पडू नका, भांडू द्या. पाचेक मिनिटं चांगलीच जुंपली. शेवटी मुलगी म्हणाली, दळून झाल्यावर तो परत हात ठेवील, मग तो विठ्ठल. चित्रात नसलेलं पुढचं पान तिने स्वतः काढलं.

अक्षरांचं याहून वेगळं नाही, फक्त खुणा बारीक होतात. पारले-जीचा पुडा तीन वर्षांचं मूलही ‘वाचतं’. पुड्यावरच्या मुलीवर हात ठेवला की मात्र काही मुलं गप्प होतात. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८५ साली वाचनाचे टप्पे मांडले, त्यात पहिला टप्पा हाच: शब्द अख्खा, चित्रासारखा ओळखायचा. ‘विठ्ठल’ या नावात जोडाक्षर आहे, तरी आमची पोरं ते देवळाच्या पाटीवर ओळखतात. ‘ठ’ वेगळा दाखवला तर ओळखत नाहीत. यात घाबरण्यासारखं काही नाही. घाई करून बाराखडी घोकून घेण्यासारखं तर त्याहून नाही.

पुढचं पाऊल पहिलीत. ‘जनाबाई’ हे नाव फळ्यावर लिहायचं आणि फोडायचं. ज, न, ब, काना, ई. एवढ्याच सामग्रीत बाबा, नाना, बाई, बाजा, जा असे शब्द हाती येतात, आणि सगळे ओळखीचे. मोजकी अक्षरं आणि मात्रा घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायचे, ही दिशा फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी दाखवली. संपूर्ण मुळाक्षरं संपेपर्यंत पोराला एकही शब्द न देणाऱ्या पद्धतीपेक्षा मला ही शतपटीने पटते.

पात्र ओळखीचं झालं की मूल पुस्तकाकडे आपणहून येतं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ संचात राधा आणि तिच्या घरची माणसं पुस्तकागणिक पुन्हा भेटतात. नवं पुस्तक उघडताच पोरं म्हणतात, “हीच ती!” आता निम्मी गोष्ट पोरंच सांगणार. बंजारा तांड्यावरच्या मुलांना मात्र गोष्ट आधी त्यांच्या गोरमाटी बोलीत ऐकवावी लागते. सेविका तांड्यावरची असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर एखाद्या आजीला बोलवावं. आज्या येतात, आणि आमच्यापेक्षा रंगवून सांगतात.

दिवाळी झाली की डोंगरपट्ट्यातल्या गावांतून कोयते निघतात. अंगणवाडीतली कितीतरी पोरं आईबापांबरोबर पाच-सहा महिने उसाच्या फडावर. पोरं निघताना काही सेविका त्यांच्या पिशवीत एक पुस्तक घालतात. ते परत येतं तेव्हा चहा सांडलेला असतो, पिना निघालेल्या असतात, पानं सुटी झालेली असतात, आणि नोंदवहीत ‘खराब’ असा शेरा पडतो. शेऱ्याच्या भीतीने पुस्तकं कपाटात कोरी ठेवणाऱ्याही आहेत, आणि त्यांना तरी दोष कसा देणार! माझ्या हाती असतं तर मी ‘खराब’च्या जागी ‘वाचलेलं’ असा रकाना केला असता. तोवर सेविकांना सांगते, सुटी पानं चिकटवू नका. ती जमिनीवर पसरा आणि पोरांना क्रमाने लावायला सांगा. धड पुस्तकाने ते काम होत नाही.