चौथा फोन

मी परीक्षक, आणि माझा भाचाही परीक्षकच, हे मला यंदाच्या गणपतीत कळले. मी मुलांचे पेपर तपासतो, तो मोबाइलवरची अ‍ॅप्स तपासतो. "पण मामा, मी एकाही फोनला हात लावत नाही," तो म्हणाला. मला वाटले, स्वारी थट्टा करते आहे!

त्याने लॅपटॉप उघडला. अ‍ॅमेझॉनने २०१५ साली 'डिव्हाइस फार्म' नावाची सोय काढली. फार्म म्हणजे शेत. दूर अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले हे खऱ्याखुऱ्या फोनांचे शेत. भाचा प्रश्नपत्रिका एकदाच लिहितो : नाव भर, पुढे जा, बटण दाब. ती अ‍ॅपबरोबर तिकडे धाडली, की निरनिराळ्या बनावटीचे फोन ती आपापली सोडवतात. भाडे मिनिटांच्या हिशेबाने. परीक्षा संपली की फोन पुसून साफ. पुढच्या गिऱ्हाइकासाठी कोरी पाटी!

थोड्या वेळाने निकाल आला. सोबत प्रत्येक फोनचे चलच्चित्र. बोट कुणाचेच नाही, पण अक्षरे उमटत होती, पाने सरकत होती. मला मोठी मौज वाटली. तीन फोन पास झाले. चौथा जुना, लहान पडद्याचा, तो नापास. नाव लिहिण्यासाठी कळफलक वर आला आणि 'पुढे' हे बटण त्याखाली झाकून गेले.

"जुना फोन, दुसरे काय!" मी म्हणालो.

"मामा, फोन नापास होत नाही. नापास होते ते अ‍ॅप."

मी गप्प झालो. जून महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई असलाच लहानसा फोन घेऊन शाळेत आली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज अ‍ॅपवर भरायचा होता. "गुरुजी, पुढचं बटणच दिसत नाही," ती सांगत होती. माझ्या फोनवर तर ते ठसठशीत दिसत होते! "नीट बघा, बाई," मी चारचौघांत तिला सुनावले. पदर सावरून ती निघून गेली. अर्जाची मुदत टळली.

विसर्जनानंतर मी तिच्या घरी गेलो. "चूक तुमची नव्हती. मीच उगाच बोललो," असे कसेबसे म्हणालो. तिने चहाचा कप पुढे केला आणि ओशाळून म्हणाली, "तुमचं काय चुकलं, गुरुजी? आमचा फोनच जुना."

तो चहा काही माझ्या घशाखाली उतरेना.