वर फुलांचा सडा, खाली कोयनेचे पाणी

वाचकहो, सुगीच्या आधी चार दिवस मोकळे सापडले की घरातली मंडळी म्हणतात, "कुठेतरी जाऊन येऊ या." मग पंढरपूर होते, जेजुरी होते, कोल्हापूर होते. या खेपेस आम्ही तुम्हांला एका वेगळ्या वाटेने नेणार आहोत. तिथे मोठे देवस्थान नाही, बाजारपेठ नाही, गर्दीही थोडीच. पण तुमच्या घरातला दिवा आणि विहिरीवरची मोटर यांचे या जागेशी जुने नाते आहे. ही जागा म्हणजे सातारा जिल्ह्यातले कोयनेचे खोरे आणि त्याच्या माथ्यावरचे सडे.

साताऱ्याहून पश्चिमेला निघाले की यवतेश्वराचा घाट लागतो. घाट चढून गाडी डोंगराच्या सोंडेवर येते आणि पुढे रस्ता माथ्यामाथ्याने जातो. डाव्या हाताला उरमोडीचे खोरे, उजव्या हाताला वेण्णेचे. सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार येते. आपल्याकडे अशा सपाट, खडकाळ, झाड नसलेल्या माथ्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात हा सडा पाहिला तर तुम्ही कपाळाला हात लावाल. काळा-तांबडा जांभा दगड, मधूनमधून वाळलेले गवत आणि अंगाला झोंबणारा वारा. नांगर घालावा तर फाळच मोडायचा! शेतकऱ्याच्या नजरेने ही अगदी टाकाऊ जमीन.

पण हीच जमीन भाद्रपदात पाहा. जांभ्यावर वीत-दोन वीत माती, कुठे तर नुसती बोटभर. तेवढ्याच मातीत गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवे यांचे ताटवेच्या ताटवे उठतात. आठवडा-पंधरवड्याने सड्याचा रंग बदलतो. साडेआठशेच्या वर जातींच्या फुलझाडांची या पठारावर नोंद झाली आहे. वायतुरा नावाची पाणथळीतली एक वनस्पती तर सह्याद्रीच्या अशा मोजक्या सड्यांवाचून दुसरीकडे मिळत नाही. २०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कासचे पठार आहे आणि कोयनेचे अभयारण्यही आहे.

आता तुम्ही विचाराल, खत नाही, माती नाही, मग ही फुले येतात कशी? यात आपल्यासारख्यांना कळण्याजोगी एक गंमत आहे. धो धो पावसाने इथल्या मातीतला नत्र वाहून जातो. ज्या रोपांना तो मुळांतून मिळत नाही, त्यांतल्या काहींनी दुसरी सोय केली आहे. सीतेच्या आसवांना ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात. त्यांत सूक्ष्म जीव अडकतात आणि जिरतात. दवबिंदू नावाचे रोप पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. आपण युरियाची गोणी आणतो, हे रोप किडा पकडते! एवढाच फरक.

सड्याचे खरे काम मात्र फुलांहून मोठे आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पोटात घेतो आणि खाली कड्याकपारींतून झऱ्यांच्या रूपाने सावकाश सोडतो. डोंगरउतारावरच्या वाड्यांचे पाणवठे अशा झऱ्यांवर चालतात. उरमोडी नदीही याच परिसरात उगम पावते. पठाराजवळचा कासचा तलाव साताऱ्याला पिण्याचे पाणी पुरवतो. म्हणून सड्यावर गाडी चढवणे, दगड उपसणे, फुले ओरबाडणे हे कुणाच्या तरी पाणवठ्यावर घाला घालण्यासारखे आहे. फुलांच्या दिवसांत इथे रोज ठराविक लोकांनाच सोडतात. ही व्यवस्था पाहण्यात आसपासच्या गावांची माणसे असतात. त्यांनी सांगितलेले ऐकावे.

कास ओलांडून पुढे गेलात की रस्ता वळणे घेत उतरू लागतो. दाट झाडी येते, हवा गार लागते आणि एका वळणावर खाली पाण्याचा मोठा पसारा दिसतो. हाच शिवसागर जलाशय. काठावर बामणोली हे गाव आहे. साताऱ्यापासून इथवर सुमारे पस्तीस किलोमीटर होतात. लाँचमध्ये बसून आत गेलात की इंजिनाचा आवाज तेवढा ऐकू येतो. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मध्ये निळे पाणी. शहरातली माणसे इथे येऊन म्हणतात, "काय शांतता आहे हो!"

वाचकहो, ही शांतता मुळातली नाही, हे ध्यानात ठेवा. पाण्याच्या जागी पूर्वी गावे होती.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते. कृष्णेच्या बहुतेक उपनद्या पूर्वेकडे वाहतात, पण ही नदी डोंगराच्या दोन रांगांमधून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या दोन रांगांमधला हा लांबट मुलूख म्हणजे जुन्या जावळीचे रान. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, ती याच भागात. वासोट्याचा किल्लाही याच रानात उभा आहे. नदीकाठच्या चार एकरांत भात आणि वरच्या उतारावर नाचणी व वरी, अशी इथली शेती. घराला कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा गिलावा.

हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पाणी चढू लागले. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. भाताची खाचरे गेली, देवळे गेली, आंबे-फणस गेले. कुणी ठाण्याकडे गेले, कुणी कुलाब्याकडे, कुणी सांगली-सोलापूरच्या माळावर. जन्मभर पाणथळ भातशेती केलेल्या माणसाला ज्वारीच्या कोरड्या रानात उभे केल्यावर त्याचे काय झाले असेल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती. जमिनीसाठी त्यांचे अर्ज आणि मोर्चे पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत राहिले.

काही घरे मात्र खोरे सोडून गेली नाहीत. ती पाण्याच्या वर, उतारावर सरकली. चांगली जमीन खाली बुडाली आणि हाती वरकस उरली. पोरे मुंबईला गेली, कुणी माथाडीत लागले, कुणी गिरणीत. घरी म्हातारी माणसे आणि बायका राहिल्या. शाळेला जायचे तर पाणी ओलांडायचे, दवाखान्याला न्यायचे तर लाँच गाठायची. आणि वीज? ज्यांच्या खाचरांवर पाणी साठवून वीज झाली, त्या खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांवर ती फार उशिरा पोहोचली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

इथली वीज होते कशी, तेही समजून घ्या. धरणातले पाणी बोगद्याने पश्चिमेला नेतात आणि सह्याद्रीच्या पोटातून कोकणाच्या बाजूला खाली सोडतात. पोफळीजवळ डोंगराच्या आत वीजघर आहे. ही वीज १९६२ सालापासून मिळू लागली. पुढे टप्पे वाढत गेले. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाखालून बोगदा काढून शेवटचा खडक सुरुंगाने उडवला. आज सारे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट वीज करण्याची ताकद आहे. वीज करून झालेले पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे जे पाणी कऱ्हाडवरून पूर्वेला वाहायचे, त्यातले पुष्कळसे आता पश्चिमेला उतरते. धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते आणि कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. बाकीच्या पाण्यातून नदीकाठच्या बागायतीला मिळते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांना उन्हाळ्यात जे आवर्तन मिळते, त्याला कोयनेचाच आधार असतो. आटपाडी-जतकडची डाळिंबे आणि द्राक्षे ज्या पाण्यावर जगतात, त्यात जावळीच्या पावसाचा वाटा आहे. महाबळेश्वर-नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास!

या खोऱ्याने आणखी एक घाव सोसला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. माणसे झोपेत होती. कोयनानगरची आणि आसपासची घरे पडली. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरण मात्र उभे राहिले. अजूनही इथली जमीन अधूनमधून हलते आणि भांडी वाजतात. इथली माणसे दाराबाहेर येऊन उभी राहतात, मग पुन्हा कामाला लागतात.

माणूस कमी झाला, तसे रान वाढले. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गवे, अस्वले, शेकरू यांना आसरा मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण गवा किंवा रानडुक्कर रात्रीत नाचणीचे वावर तुडवून जाते, तेव्हा ज्याची नाचणी गेली त्याला जंगलाचे कौतुक सांगणे सोपे नसते. तुमच्यापैकी ज्यांनी माचाणावर बसून रात्री काढल्या आहेत, त्यांना हे पटेल.

जायचे असेल तर भाद्रपद-आश्विनात जा. सडा फुललेला असतो आणि तलाव भरलेला. पठारावर जाण्यासाठी नोंदणी आधी करा. वासोट्याला जायचे तर पावसाळा संपू द्या, बामणोलीत वनखात्याची परवानगी काढा आणि लाँचचे भाडे आधी ठरवा. घोंगडी किंवा स्वेटर जवळ असू द्या. मुलांना बरोबर न्या. प्लॅस्टिक मात्र नेऊ नका, आणि नेलेच तर परत आणा. जेवण गावातल्याच घरी सांगा. नाचणीची भाकरी, भात आणि आमटी मिळेल. त्याचे पैसे खोऱ्यातच राहतील.

आणि एक करा. उन्हाळ्याच्या शेवटी जाण्याचा योग आला, तर ओसरलेल्या पाण्याच्या काठाने थोडे चाला. गाळात जुन्या चौथऱ्यांचे दगड दिसतात, बांधांच्या रेषा दिसतात. कधीकाळी त्या बांधांवर उभे राहून कुणीतरी आपल्यासारखाच पावसाची वाट पाहत होता. काठावर एखादी म्हातारी भेटली तर तिला विचारा, "आजी, तुमचे घर कुठे होते?" ती पाण्याकडे बोट दाखवील. दोन घटका थांबून तिचे ऐकून घ्या. घरी परतल्यावर दिव्याचे बटण दाबाल, तेव्हा ते बोट तुम्हांला आठवेल.