किंमत आणि कान

महागड्या ध्वनिसाधनांचे मोल कशाने ठरवावे? माणसाचा कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. वाढत्या वयात वरची मर्यादा खाली येते. जुन्या दूरध्वनीवर सुमारे ३,४०० हर्ट्झच्या पुढील ध्वनी गळत. त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यांत गफलत होई. असा भेद राखणाऱ्या साधनावरचा खर्च सार्थच. परंतु आज तो माफक किमतीचे हेडफोनही राखतात.

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहा. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन लाभले. कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मनासारखी जवारी लागेपर्यंत हे चालते. या श्रमांची किंमत कानाला कळते. नक्षीकामानेही किंमत वाढते; सूर मात्र वाढत नाही.

तेव्हा दुकान साताऱ्याचे असो वा सांगलीचे, दोन साधने डोळे मिटून, समान आवाजात ऐकावीत. कारण किंचित मोठा आवाजही अधिक चांगला भासतो. कोणते साधन महाग, हे ठाऊक नसताना भेद जाणवला, तर पैसे मोजावेत. अन्यथा ते ग्रंथांसाठी राखावेत.